‘धोंडो’ या नावाचा उगम, अर्थ आणि ते मागे का पडले?

नोंदवही (धागालेखिका):

मराठी नावांपैकी जी नावे गेल्या दोन-तीन पिढ्यांत जवळजवळ दिसेनाशी झाली, त्यांत ‘धोंडो’ या नावाचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा, असे मला वाटते. इतर अनेक जुनी नावे केवळ जुनाट वाटू लागल्याने मागे पडली आणि त्यांतली काही आता परतही येत आहेत. धोंडो मात्र परत येत नाही, आणि त्याचे कारण हे नाव मुळात ज्यासाठी ठेवले जात होते त्या कारणातच आहे, असे माझे मत आहे.

अर्थ उघड आहे. धोंडा म्हणजे दगड. ज्या घरात आधीची मुले एकापाठोपाठ एक दगावली, तिथे नंतर जन्मलेल्या मुलाला मुद्दाम असे क्षुल्लक, कोणाला हेवा वाटू नये असे नाव देत असत. मृत्यूची, सटवाईची किंवा वाईट नजरेची दृष्टी या मुलाकडे वळूच नये, हा त्यामागचा हेतू. दगडू, केरू, उकिरडा, भिकाजी, फकिरा ही सारी याच कुळातली नावे. मुलगा असूनही त्याचे नाक टोचायचे आणि नथू म्हणायचे, ही त्याच भीतीतून आलेली आणखी एक रीत.

वंशावळींत, जुन्या दस्तांत आणि घरांच्या उताऱ्यांवर ‘धोंडो’ वाचताना आपण पुढे सरकतो. मला वाटते, तिथे क्षणभर थांबायला हवे. वंशावळीत साधारणपणे जगलेल्या मुलांचीच, तीही बहुधा मुलग्यांचीच, नावे लिहिलेली असतात. जी चार-सहा महिन्यांत किंवा वर्षा-दोन वर्षांत गेली, त्यांची नोंद कुठेच नसते. त्यांची एकमेव खूण म्हणजे त्यांच्यामागून आलेल्या भावाचे हे नाव. त्यामुळे ‘धोंडो’ हे जितके त्या मुलाचे नाव आहे, तितकेच ते त्याच्या आईच्या आधीच्या बाळंतपणांचा लेख आहे.

सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण अर्थातच महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. जन्म १८ एप्रिल १८५८, मृत्यू ९ नोव्हेंबर १९६२. शंभराव्या वर्षी भारतरत्न आणि एकशे चार वर्षांचे आयुष्य. त्यांचे हे नाव नेमके कशामुळे ठेवले गेले, याविषयी मी काही म्हणत नाही. पण मूल टिकावे म्हणून जे नाव ठेवले जाई, त्या नावाचा सर्वांत प्रसिद्ध मनुष्य इतके जगला, याचे मला फार समाधान वाटते.

आपापल्या घराण्यांत हे नाव कुठे, कोणत्या रूपात आणि कोणत्या पिढीपर्यंत आढळते, ते कृपया लिहावे.

मोडीवाचक:

विषय चांगला काढलात. नावाच्या घडणीविषयी थोडी भर घालतो.

शेवटचा ‘ओ’ हा या नावाचा विशेष नाही. शिवकाळ आणि पेशवाईच्या कागदांत असा ओकारान्त नावांचा मोठा वर्गच आहे. मोरो त्रिंबक पिंगळे, निळो सोनदेव, अण्णाजी दत्तो, नारो शंकर आणि पुढे एकोणिसाव्या शतकात साताऱ्याच्या छत्रपतींची बाजू मांडायला विलायतेला गेलेले रंगो बापूजी, ही चटकन आठवणारी नावे. मोरो म्हणजे मोरेश्वर, निळो म्हणजे नीळकंठ, नारो म्हणजे नारायण. लिहिण्या-बोलण्यात देवाचे लांबलचक नाव आखडून असे दोन अक्षरांचे होत असे. धोंडो याच साच्यात बसतो, फरक इतकाच की त्याच्या मागे कोणा देवाचे पूर्ण नाव उभे नाही.

इथेच एक घोटाळा नेहमी होतो. धोंडो हे ‘धुंडिराज’ या नावाचे लघुरूप आहे, असे अनेक जण सांगतात. धुंडिराज हे गणपतीचे नाव असून काशीच्या विश्वनाथ मंदिराजवळचा ढुंढिराज गणेश प्रसिद्ध आहे. काशीखंडात या नावाचा संबंध ‘ढुंढ्’ म्हणजे शोधणे या धातूशी जोडला आहे. दादासाहेब फाळके यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके, तेही त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्री जन्मलेले, म्हणजे तिथे हा गणेशवाचक अर्थ अगदी स्वाभाविक आहे. धोंडोचा मार्ग वेगळा आहे. एखाद्या सुशिक्षित घरात ‘दगड’ हा अर्थ नकोसा वाटू लागल्यावर धोंडोचे संस्कृतीकरण म्हणून धुंडिराज सांगितले गेले असणे सहज शक्य आहे; पण त्यावरून दोन्ही नावे मुळात एकच, असे ठरत नाही. दगडू आणि केरू यांना असा कोणताही पौराणिक आधार नसताना ती नावे धोंडूच्या बरोबरीने त्याच प्रसंगी ठेवली जात होती, हे लक्षात घेतले म्हणजे शंका राहू नये.

शिवाय नाव एकच असले तरी प्रदेशानुसार आणि समाजानुसार त्याची रूपे वेगळी आहेत. लेखणीवाल्या घरांत धोंडो आणि आदराने धोंडोपंत, घाटावर धोंडीबा, धोंडीराम, धोंडजी, कोकणात धोंडू. १८५७ च्या उठावातील नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत होते, आणि इंग्रजांच्या कागदांत ते ‘धोंडू पंत’ असेच आढळते. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर स्वतःला ‘उभय लोकांचा अधिपती’ म्हणवून इंग्रजांशी झुंजणारा आणि सप्टेंबर १८०० मध्ये वेलस्लीच्या फौजेशी लढताना पडलेला धोंडजी वाघ हाही याच नावाचा.

कृष्णाकाठ:

आमच्याकडे माझ्या पणजोबांचे नाव धोंडीबा होते. माझ्या आजीने सांगितलेली रीत अशी की, आधीची मुले न टिकलेल्या बाईचे मूल जन्मले की सुईण त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवायची आणि मग शेजारची, मुले जगलेली एखादी बाई ते ‘सापडले’ म्हणून उचलून आणायची. आई त्या बाईला मूठभर धान्य किंवा एखादे नाणे देऊन आपलेच मूल विकत घ्यायची. म्हणजे हे मूल आमचे नव्हे, उकिरड्यावरचे आहे, असे ज्याने ऐकायचे त्याने ऐकावे. केरू आणि उकिरडा ही नावे नेमकी या कृतीची आहेत, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले.

मुलींनाही ही नावे असत, हे धाग्यात यायला हवे. धोंडूबाई, दगडाबाई, केराबाई ही नावे आमच्या भागात माझ्या लहानपणी सर्रास ऐकू येत. मराठवाडा मुक्तिसंग्रामात शस्त्र हाती घेणाऱ्या दगडाबाई शेळके आणि जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका, केसरबाई केरकरांच्या शिष्या धोंडुताई कुलकर्णी ही दोन नावे तर सर्वश्रुत आहेत. मुलीचे नाव असे ठेवले गेले, म्हणजे त्या घरात ती मुलगी जगावी अशी कोणाची तरी मनापासून इच्छा होती, असाच त्याचा अर्थ मी लावते.

एक गोष्ट मात्र मला वेगळी वाटते. या नावात केवळ ‘क्षुल्लक’ हा अर्थ नाही. दगड टिकतो, झिजला तरी मोडत नाही. आणि आपल्याकडे गावोगावचा म्हसोबा, वेताळ किंवा शेतातला देव म्हणजे शेंदूर लावलेला दगडच असतो. घडवलेली मूर्ती नसलेल्या देवीच्या तांदळ्याची पूजा आपण करतोच. त्यामुळे बाळाला धोंडा म्हणणाऱ्या आईच्या मनात उपेक्षा जितकी होती, तितकीच आयुष्याची मागणीही असणार. आजी तर म्हणायची, ‘दगडासारखा राहू दे म्हणून धोंडीबा.’

दवाखाना:

मी ग्रामीण भागात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले आहे, त्यामुळे या विषयाची दुसरी बाजू मांडतो.

हे नाव मागे का पडले, याचे उत्तर बहुतेक जण ‘फॅशन बदलली’ असे देतात. ते अपुरे आहे. मुंबईत १४ जून १८०२ रोजी एका तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली आणि हिंदुस्थानातील लसीकरणाला तिथून सुरुवात झाली. पण ती लस खेडोपाडी पोचायला आणि लोकांचा विश्वास बसायला शतकाहून अधिक काळ गेला. देवी, गोवर, घटसर्प, डांग्या खोकला, हगवण आणि बाळंतपणातच होणारा धनुर्वात यांनी एकेका घरातली तीन-तीन, चार-चार मुले जात. भारतातून देवीचे उच्चाटन १९७५ मध्ये झाले, आणि मातेला धनुर्वाताची लस, बाळाला त्रिगुणी आणि पोलिओचे डोस ही गोष्ट १९७८ आणि १९८५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांनंतर घरोघरी पोचली.

महाराष्ट्रात १९७१ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे १०५ बालके पहिल्या वर्षातच दगावत होती. २०२० मध्ये हा आकडा १६ वर आला. यातला एकेक आकडा कमी होण्यासाठी परिचारिका आणि अंगणवाडी सेविका पावसापाण्यात किती चालल्या आहेत, ते मी पाहिले आहे. ज्या भीतीपोटी धोंडो हे नाव ठेवले जाई, ती भीती आता बहुतेक घरांच्या दारात उभी नसते. हे नाव दुर्मीळ होणे ही माझ्या दृष्टीने आनंदाची गोष्ट आहे.

माळरान:

धाग्यातली भावना मी समजू शकतो, पण एक बाजू राहून जाते आहे आणि ती स्पष्ट मांडणे मला आवश्यक वाटते.

अशी नावे सगळ्यांना एकाच कारणाने मिळाली, असे म्हणता येणार नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम दिला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक असावे आणि शूद्राचे नाव ‘जुगुप्सित’, म्हणजे किळस यावी असे असावे, असे तिथे सांगितले आहे. ज्या समाजांवर हा विचार शतकानुशतके लादला गेला, त्यांच्यात दगडू, धोंड्या, कचऱ्या ही नावे पिढ्यान्‌पिढ्या आढळतात, तेव्हा प्रत्येक ठिकाणी मागे आईची माया होती, असे मानून चालणार नाही. काही ठिकाणी तरी नाव घरच्यांनी काहीही ठेवलेले असो, गावाने त्याचे ‘धोंड्या’ केले आणि तेच कागदावर गेले. वर मोडीवाचक यांनी रूपांची यादी दिली आहे, त्यात ‘धोंड्या’ नाही. कर्व्यांच्या घरी धोंडोपंत आणि गावकुसाबाहेर धोंड्या, हा फरक नावाच्या अर्थाचा नाही, हाक मारणाऱ्याचा आहे.

या संदर्भात महात्मा फुल्यांची आठवण करून देतो. १८७३ साली प्रसिद्ध झालेली ‘गुलामगिरी’ ही जोतीराव आणि धोंडीराव यांच्या संवादाच्या रूपात लिहिलेली आहे. प्रश्न विचारणारा, शंका काढणारा, समजून घेणारा माणूस म्हणून जोतीरावांनी हे नाव निवडले आणि त्याला ‘राव’ लावले. जोतीरावांना मारायला आलेल्या दोघांपैकी एक, जे पुढे त्यांचे अनुयायी झाले, तेही धोंडीराम नामदेव कुंभार. माझ्यासारख्याला या नावाची प्रतिष्ठा तिथून कळते.

नोंदवही (धागालेखिका):

माळरान यांचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे, आणि तो धाग्याच्या मध्यभागी असायला हवा. नाव एकच असले तरी ते मायेने ठेवलेले असू शकते आणि तुच्छतेने चिकटवलेलेही असू शकते. कागदावरून हे ओळखता येते का, हा प्रश्न मला त्यामुळे अधिक महत्त्वाचा वाटतो. काही अंदाज बांधता येतात. एखाद्या घरात एकाच भावाचे नाव धोंडू आणि इतरांची नावे गणपत, विठोबा, राघू अशी असतील, तर ते बहुधा आधी मुले गेल्याचे चिन्ह असते. सर्वच भावंडांची नावे तशी असतील, तर कारण दुसरीकडे शोधावे लागते.

तिसरी शक्यताही लक्षात ठेवावी लागते. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल असलेल्या घरांत एकदा आलेला धोंडो दर दुसऱ्या पिढीत परत येतो, आणि तेव्हा त्याचा कोणत्याही मृत्यूशी संबंध राहिलेला नसतो.

याच अनुषंगाने ‘नकुसा’ या नावाचाही उल्लेख करते. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात २८५ मुलींची ‘नकुसा’ किंवा ‘नकोशी’ ही नावे प्रशासनाच्या पुढाकाराने समारंभपूर्वक बदलण्यात आली. वरवर पाहता नकुसा आणि धोंडूबाई ही एकाच जातीची नावे वाटतात. दोन्ही ऐकायला कठोर आहेत. पण नकुसा म्हणणाऱ्याला ती मुलगी खरोखरच नको होती आणि तो ते लपवतही नव्हता. धोंडूबाई म्हणणारी आई खोटे बोलत होती, कारण तिला ती मुलगी हवी होती. एकाच यादीत ही दोन नावे ‘अपमानकारक नावे’ म्हणून बसवली जातात, ते मला अन्यायाचे वाटते.

सीमाभाग:

बेळगाव-निपाणी भागात राहत असल्याने शेजारच्या भाषांतली उदाहरणे देतो. कन्नडमध्ये कल्लु म्हणजे दगड. आमच्याकडे आणि कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी पट्ट्यात कल्लाप्पा हे नाव मराठी घरांतही रुळलेले आहे. त्यात दगडरूपी देवाचा अर्थही मिसळलेला असतो, म्हणजे कृष्णाकाठ यांनी तांदळ्याविषयी जे लिहिले, तेच इथेही लागू पडते. तेलुगूत पेंटय्या म्हणजे उकिरड्यावरचा, तमिळमध्ये कुप्पुस्वामी या नावातले कुप्पु हे केरकचऱ्यावरून आलेले. बंगालीत तर तिनकडी आणि पाचकडी अशी नावे आहेत, म्हणजे तीन किंवा पाच कवड्यांना विकत घेतलेले मूल. आजींनी सांगितलेली विकत घेण्याची रीत तिकडे थेट नावातच उतरली आहे. त्यामुळे ही केवळ मराठी चाल नाही. बालमृत्यूच्या छायेखाली जगलेल्या साऱ्या समाजांनी आपापल्या भाषेत हाच उपाय शोधलेला दिसतो.

पानसुपारी:

धोंड्याच्या महिन्याचा या नावाशी काही संबंध आहे का? आमच्या घरात अधिक मासात जन्मलेल्या एका चुलत आजोबांचे नाव धोंडो होते आणि त्यांच्या आधी कोणतेही मूल गेले नव्हते, असे घरचे सांगतात. अधिक मासाला आपण धोंडा महिना म्हणतो, जावयाला पुरणाचे धोंडे करून जेवू घालतो, त्यामुळे हा संबंध मला पटतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. म्हणजे साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येणारा हा महिना आहे, आणि त्यात जन्मलेली मुले काही थोडी नसतात.

पाऊस ओढ धरतो तेव्हा अंगाला कडुलिंबाचा पाला बांधून ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत दारोदार फिरणारी मुलेही आठवली. या धोंडीचा आपल्या धोंडीबाशी संबंध जोडावा का?

मोडीवाचक:

अधिक मासाचा संबंध शक्य कोटीतला आहे, फक्त तो मुख्य उगम मानू नये. अधिक मासाला पुरुषोत्तम मास असेही म्हणतात, आणि त्या महिन्यात जन्मलेल्या मुलाला पुरुषोत्तम म्हणण्याची सोय उपलब्ध असताना धोंडो निवडला गेला, तर त्या घरात हे नाव आधीपासून ओळखीचे असणार. पावसाच्या धोंडीचा विधी वेगळा आहे आणि केवळ उच्चाराच्या साम्यावरून दोन्ही एकत्र बांधू नयेत.

नवी पालवी:

आमच्याकडे काही महिन्यांत बाळ येणार आहे. यजमानांच्या पणजोबांचे नाव धोंडो होते आणि मुलगा झाल्यास तेच नाव ठेवावे, असे त्यांच्या मनात आहे. माझी हरकत अर्थाला नाही. शाळेत मुले चिडवतील, याची काळजी वाटते. शिवाय ‘धोंडो भिकाजी जोशी’ हे नाव ऐकताच प्रत्येक मराठी माणसाच्या चेहऱ्यावर हसू येते, हेही खरे आहे.

कृष्णाकाठ:

पु. ल. देशपांड्यांच्या ‘असा मी असामी’मधल्या त्या नावाकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहते. धोंडो आणि भिकाजी, म्हणजे मुलाचे आणि वडिलांचे, अशी दोन्ही नावे या धाग्यातल्याच कुळातली आहेत. असे जोडनाव त्या काळच्या चाळीत, कचेरीत अगदी सामान्य वाटावे इतकी ती नावे प्रचलित होती, हाच त्याचा पुरावा आहे.

तुमच्या प्रश्नाविषयी माझे मत असे की, नाव ठेवायचे असेल तर ते पणजोबांचे नाव म्हणून, अभिमानाने आणि कारण सांगून ठेवावे. बारशाला जमलेल्यांना त्या पणजोबांच्या आईची गोष्ट ठाऊक झाली, तर कोणी हसणार नाही. पण मुलाला ते रोज शाळेत वागवायचे आहे, हेही खरे. तिथे तुमचा निर्णय अखेरचा.

दवाखाना:

मधला मार्गही आहे. हे नाव आज पहिले नाव म्हणून दिसत नसले, तरी वडिलांचे नाव म्हणून ते बराच काळ टिकले. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत चालवणारे आणि त्याआधीच, १९२१ मध्ये, मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू करणारे रघुनाथ धोंडो कर्वे यांचे उदाहरण माझ्या नेहमी मनात असते. बायकांना वारंवारच्या बाळंतपणांतून सोडवण्यासाठी ज्यांनी आयुष्यभर टीका आणि खटले सोसले, त्यांच्या नावाच्या मध्यभागी ‘धोंडो’ आहे. बाळाचे पाळण्यातले नाव धोंडो आणि दाखल्यावरचे दुसरे, असेही करता येईल; पाळण्यात चार-पाच नावे घेण्याची आपली पद्धत आहेच.

नोंदवही (धागालेखिका):

सर्वांच्या प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. ज्यांच्या घरात जुनी वंशावळ, कुळाचार लिहिलेली वही किंवा जन्मटिपणे आहेत, त्यांना एक विनंती करते. धोंडो, धोंडीबा, धोंडूबाई, दगडू, केरू, भिकाजी यांपैकी कोणतेही नाव आढळल्यास त्या व्यक्तीच्या आधीच्या भावंडांची काही नोंद आहे का, ते पाहावे. जन्मपत्रिकांच्या जुन्या गुंडाळ्यांत कित्येकदा न जगलेल्या मुलांच्या पत्रिकाही असतात, आणि घरातल्या वृद्ध स्त्रियांना ‘आधी दोन गेले होते’ असे नेमके आठवते. तेवढे एक वाक्य, गावाचे नाव आणि अंदाजे दशक इथे लिहिले तरी पुरे आहे. हयात व्यक्तींची नावे मात्र देऊ नयेत. माळरान यांनी मांडलेल्या मुद्द्यामुळे आणखी एक रकाना मी वाढवत आहे: घरचे त्या व्यक्तीला कोणत्या रूपाने हाक मारत आणि गाव कोणत्या रूपाने.